मयत, रा. उंद्री

चिखलीच्या तहसील कचेरीच्या आवारात, एका जुन्या कडुनिंबाखाली, लोखंडी टेबल, दोन खुर्च्या, शाईची गादी आणि तिकिटांचा डबा एवढ्या सरंजामावर मी छत्तीस वर्षे अर्जनविसाचा व्यवसाय केला. या काळात माझ्या हातून जे हलफनामे, वारसांचे तक्ते, फेरफारांवरील हरकती आणि मुखत्यारपत्रे लिहून झाली, त्यांतील बहुतेकांचा विषय जमीन हाच असे. त्यामुळे माणूस मेला म्हणजे त्याच्या नावचा सातबारा कोणाच्या नावे चढवावयाचा एवढाच काय तो प्रश्न मागे उरतो, अशी माझी पहिली काही वर्षे प्रामाणिक समजूत होती. ज्याच्या नावे सातबाराच नाही, जो आपल्या गावापासून शंभर-सव्वाशे कोसांवर एखाद्या परक्या इमारतीच्या पायथ्याशी मरतो, आणि ज्याचे मागे उरलेले सारे एका पिशवीत मावते, अशा इसमाच्या मृत्यूचे कागद कसे लिहावेत हे मला कोणी शिकविले नव्हते. ते मी चुका करीत शिकलो. आणि त्यांतील पहिली चूक अशी होती की ती सांगितल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

माझे गाव उंद्री, चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. कपाशी, तूर आणि अलीकडे बहुतांशी सोयाबीन ही येथली पिके. सोयाबीन निघाले की ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते हरभऱ्याच्या मागे लागतात, आणि ज्यांच्या विहिरीला पाणी नाही, किंवा ज्यांना विहीरच नाही, त्यांची तरणी पोरे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याकडे निघतात. मी व्यवसायाला लागलो तेव्हा हाच ओघ ठाणे, कल्याण, भिवंडीकडे होता आणि वाहन एस.टी.चे होते, एवढाच फरक. जाणारा आपल्याबरोबर एक वळकटी, चार दिवस पुरेल इतकी चटणी-भाकर आणि एका मुकादमाचे नाव घेऊन जातो. मुकादमाच्या वर असलेल्या ठेकेदाराचे नाव त्याला ठाऊक नसते, आणि ठेकेदाराच्याही वर जी कंपनी असते तिची तर गोष्टच सोडा. घरी विचारावे तर उत्तर एकच, की पोरगा ‘पुण्याले हाये’. पुणे केवढे आहे याची कल्पना ज्या माउलीला नाही तिला हे उत्तर पुरेसे वाटते, आणि पुढे एखाद्या रात्री फोन येईपर्यंत ते पुरतेही.

१९९१ च्या उन्हाळ्यात, दुपारच्या सामसुमीत, माझ्या टेबलाशी चार माणसे आली: एक बावीस-तेवीस वर्षांची बाई, तिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचे मूल, तिचा दीर, आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतील एक मुकादम. ठाण्याच्या बाजूला एका गोदामात गासड्यांची थप्पी कोसळून तिचा नवरा महिन्यापूर्वी दगावला होता. मुकादमाने पिशवीतून पंधरा हजार रुपयांची पुडकी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “भाऊसाहेब, आपसात मिटलंय सगळं. फक्त कागद पक्का पाहिजे.” कागद पक्का करणे हाच माझा धंदा आणि तोच माझा अभिमान होता. मी दहा रुपयांच्या स्टँपपेपरवर, माझ्या त्या काळच्या वळणदार अक्षरात, असा काही तडजोडनामा लिहिला की त्यातून सुईच्या अग्राएवढीही फट राहू नये: रक्कम रोख पावली, मयताच्या मृत्यूबाबत मालकाविरुद्ध आमची अगर आमच्या वारसांची काही एक तक्रार नाही व पुढेही राहणार नाही, हा लेख राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला असे. बाईचा अंगठा मीच शाईत बुडवून कागदावर टेकविला. मुकादमाने माझ्या अक्षराची तारीफ केली आणि वीस रुपयांऐवजी पन्नास दिले.

पुढे दोन-तीन वर्षांनी बुलढाण्याच्या कोर्टात एका कुळाच्या कामासाठी बसलो असता, एका वयोवृद्ध वकिलांशी बोलण्याच्या ओघात मी हा कागद मोठ्या कौतुकाने वर्णन करून सांगितला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “तुम्ही फार उत्तम मसुदा केलात. तो कायद्याने रद्दी आहे.” मग त्यांनी मला १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा प्रथमच समजावून दिला, जो १ जुलै १९२४ पासून या देशात अमलात होता आणि ज्याची माझ्यासारख्या कागदाच्या माणसाला जवळजवळ सत्तर वर्षांनंतरही गंधवार्ता नव्हती. कामामुळे व कामाच्या ओघात घडलेल्या अपघातात कामगार मेला तर भरपाई देणे मालकाला बंधनकारक आहे; तिच्यासाठी मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही; ती रक्कम वारसांच्या हातात परस्पर देता येत नाही, आयुक्तांकडे जमाच करावी लागते; आणि कामगाराने किंवा त्याच्या माणसांनी आपला हक्क सोडून दिल्याचा कोणताही करार त्या हक्कापुरता शून्यवत असतो. मृत्यूबद्दलची किमान रक्कम त्या काळीही वीस हजार होती. म्हणजे मी ज्या पंधरा हजारांना पक्के केले होते ते कायद्याच्या तळाच्याही खाली होते.

मी त्या बाईकडे गेलो. ती तोवर माहेरी, मेहकरच्या बाजूला राहावयास गेली होती. दावा दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत टळून गेली होती, आणि विलंब माफ करून घेतला असता तरी त्या वेळच्या कायद्याप्रमाणे अपघात जेथे घडला तेथे, म्हणजे ठाण्यासच, जावे लागले असते. राहत्या गावाच्या हद्दीत अर्ज करण्याची मुभा १९९५ च्या दुरुस्तीने मिळाली. हे सारे मी तिला सांगितले तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलीत बसली होती, आणि सोलणे न थांबविता ती एवढेच म्हणाली, “लिवलं ते लिवलं, भाऊसाहेब. त्या पैशाचा दिरानं बैल घेतला.” रक्कम आयुक्तांकडे जमा करण्याची सक्ती कायद्यात का घातली असावी, याचा एवढा थोडक्यात खुलासा मला कोणत्याही भाष्यात वाचावयास मिळाला नाही.

त्यानंतर असे कागद मी घेऊ लागलो, म्हणजे त्यांच्यासाठी टेबलावर एक वेगळी फाइल ठेवली. दावा चालविणे हे वकिलाचे काम. परंतु वकिलापर्यंत जाण्यापूर्वी जे कागद गोळा व्हावे लागतात ते गोळा करून देणारा कोणी असला तर निम्मा दावा तेथेच उभा राहतो. आणि या कामात मला जी गोष्ट हळूहळू, फाइलमागून फाइल पाहताना, उमगत गेली ती अशी: शहरात मेलेल्या मजुराचे मरण सिद्ध करण्यास काहीच कष्ट पडत नाहीत, त्याचा पंचनामा असतो, शवचिकित्सेचा अहवाल असतो, महापालिकेचा मृत्यूचा दाखला असतो. तो तेथे कामाला होता हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. ज्या भिंतीला त्याने सकाळी विटा लावल्या ती भिंत उभी असते, आणि ज्या हजेरीपटात त्याचे नाव असावयास हवे तो हजेरीपट एक तर नसतो, नाही तर त्या दिवसापासून नव्या वहीत सुरू होतो.

पुण्याच्या आग्नेय अंगाला, हवेली तालुक्यात, कोंढवा, पिसोळी, महंमदवाडी यांच्या शेजारी आणखी एक उंद्री आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने जी अकरा गावे आपल्या हद्दीत घेतली त्यांत तिचा समावेश होता. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे माळरानावर दहा-दहा, बारा-बारा मजल्यांच्या इमारती उठू लागल्या होत्या आणि आमच्या भागातील पोरे सेंट्रिंगच्या कामावर तेथे जात होती. आमच्या उंद्रीचा असाच एक मुलगा, वय तीस, घरी बायको, दोन लेकरे आणि विधवा आई, त्या उंद्रीत कामाला लागला तेव्हा घरच्यांना त्याची मोठी गंमत वाटली होती. आईला तर तो जवळच कोठे तरी असल्यासारखा धीर आला होता. मीही त्याला एकदा दिवाळीत विचारले होते, की बाबा, तिकडची उंद्री कशी आहे, त्यावर तो हसून म्हणाला होता, “काका, नाव तेवढं आपलं हाये.”

फेब्रुवारी २०१८ मध्ये तो नवव्या मजल्यावर सेंट्रिंग खोलण्याच्या कामावर असताना लिफ्टच्या उघड्या डक्टमधून खाली गेला. अशा मोकळ्या चौकोनावर लोखंडी जाळी बसविण्याऐवजी प्लायवुडचा एखादा तुकडा टाकून ठेवण्याची चाल बांधकामांवर सर्रास आहे. पायाखाली फळी आहे असे वाटून माणूस पाऊल टाकतो. सेफ्टी बेल्ट होते, असे पुढे साक्षीत आले. ते साइटच्या कचेरीत खुंटीला होते. पहाटे रुग्णवाहिका गावात आली, अंत्यविधी झाला, आणि तेराव्यानंतर त्याची बायको फाइलसाठी माझ्या घरी आली. तिने एक पिशवी आणली होती, जी प्रेताबरोबर आली होती आणि जी तिने तोवर उघडली नव्हती. ती पिशवी आम्ही दोघांनी, म्हणजे मी वस्तूंची नावे उच्चारीत आणि तिने त्या एकेक बाहेर काढीत, अशी उघडली. कोर्टाचे काम म्हणून यादी करणे भाग होते. नाही तर मी तिथून उठून गेलो असतो.

आता कागदांची गंमत पाहा, जर तिला गंमत म्हणावयाचे असेल तर. अकस्मात मृत्यूची खबर लिहून घेणाऱ्या पोलिसाने घटनास्थळ म्हणून ‘उंद्री’ लिहिले आणि मयताचा पत्ता म्हणूनही ‘रा. उंद्री’ एवढेच लिहिले. तालुका नाही, जिल्हा नाही. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्यात चूक अशी काही नव्हतीच. पण पुढे बुलढाण्याच्या न्यायालयात दावा दाखल होऊन मालकपक्षाला नोटिसा गेल्या, तेव्हा ठेकेदाराच्या लेखी कैफियतीत याच दोन शब्दांवर एक भला मोठा बचाव उभारलेला आढळला. मयत हा मौजे उंद्री येथीलच, म्हणजे बांधकामाच्या शेजारचाच, रहिवासी असून तो आमच्याकडे कधीही कामाला नव्हता. कामाच्या आवारात तो विनापरवानगी शिरला. शिवाय त्या वेळी तो मद्याच्या अंमलाखाली होता. सबब अपघाताशी आमचा काही एक संबंध नाही. जो माणूस आपले गाव सोडून इतक्या लांब गेला, त्याचे ते जाणेच त्या कैफियतीने पुसून टाकले होते. गावाच्या नावाने त्याच्या आईला जो धीर दिला होता त्याची किंमत अशी मागितली गेली.

दारूचा मुद्दा वकिलांनी एका वाक्यात निकालात काढला. कारण नशेची किंवा नियमभंगाची सबब केवळ साध्या दुखापतीपुरती आहे, दुखापतीची परिणती मृत्यूत झाल्यास कायदा ती ऐकूनच घेत नाही. (तो मुलगा माळकरी होता हे मी वकिलांना तीनदा सांगितले, आणि तिन्ही वेळा त्यांनी मला, त्याची गरज नाही, असे सांगितले. कायद्याला गरज नव्हती, आईला होती.) खरा प्रश्न कामाचा होता. तो आमच्या उंद्रीचा, हे शिधापत्रिका, मतदारयादी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा दाखला यांनी ठरले. त्याच्याबरोबर काम करणारे दोघे बिहारी गडी होते. ते घटनेच्या दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या साइटवर हलविले गेले आणि पुन्हा सापडले नाहीत. मुकादम गावाकडचाच होता, पण त्याला पुढचा हंगाम त्याच ठेकेदाराकडे काढावयाचा होता, म्हणून तो आजारी पडला.

उपयोगी पडली ती पिशवी. बांधकामावरील मजुराला पूर्ण मजुरी महिन्या-दोन महिन्यांनी हिशेब होऊन मिळते. मधल्या काळात पोटापुरते जे काही आठवड्याला हातावर ठेवतात त्याला ‘खर्ची’ म्हणतात. पिशवीतील पँटच्या खिशात खर्चीची एक चिठ्ठी निघाली, मरणाच्या पाच दिवस आधीची, तिच्यावर त्याचे नाव, दीड हजारांचा आकडा, इमारतीच्या विंगचे अक्षर आणि खाली सुपरवायझरची सही. शिवाय त्याच्या मोबाइलमध्ये एक छायाचित्र होते: पिवळी टोपी घालून तो गच्चीवर उभा आहे, आणि मागे प्रकल्पाच्या नावाचा फलक आहे. हे छायाचित्र त्याने लेकीला दाखविण्यासाठी पाठविले होते. चिठ्ठी, छायाचित्र आणि पिशवीतलेच ट्रॅव्हल्सचे तिकीट या तीन वस्तूंची रुजवात घातली तेव्हा कोठे तो माणूस कामगार ठरला, आणि ठेकेदारामार्फत नेमलेल्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडूनही वसूल करता येते या तरतुदीमुळे बांधकामाचा मालकही बांधला गेला. २०२२ मध्ये हुकूम झाला.

त्या हुकमातील हिशेब मी अनेकदा उतरवून काढला आहे. मृताच्या मासिक वेतनाचा निम्मा हिस्सा घ्यावयाचा आणि त्यास त्याच्या वयापरत्वे ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, अशी रीत आहे. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात हे गुणक दिले होते: पंचविसाव्या वर्षी मेला तर २१६.९१, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, साठाव्या वर्षी ११७.४१. आयुष्याचे उरलेले माप दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरांपर्यंत ठरवून देणारा तो तक्ता प्रथम पाहिला तेव्हा मला त्याच्या नेमकेपणाची चीड आली होती. आता येत नाही, कारण या साऱ्या व्यवहारात मजुराच्या बाजूचे नेमके असे तेवढेच एक पान आहे. तर तो मुलगा महिना पंधरा हजार मिळवीत होता. परंतु त्या काळी हिशेबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा आठ हजार होती. आठ हजारांचे निम्मे चार हजार, गुणिले २०७.९८, म्हणजे ८,३१,९२० रुपये, त्यावर शेकडा बारा दराने व्याज. ३ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा पंधरा हजार झाली. तोच मुलगा, त्याच वयाचा, त्याच मजुरीचा, त्या दिवसानंतर त्याच डक्टमध्ये पडला असता तर आकडा १५,५९,८५० झाला असता. त्याच्या बायकोने मला हा फरक विचारला नाही आणि मी तिला सांगितला नाही. हे वाचून तिला कोणी सांगितलाच तर माझ्यावर राग धरू नये.

तिने विचारले ते वेगळेच होते. हुकमाची नक्कल वाचून दाखविली तेव्हा ती म्हणाली, “काका, तो तिथं कामालेच होता, असं यात लिवलं हाये ना?” मी ती ओळ बोटाने दाखविली. तिने ती स्वतः, अक्षर लावून, वाचली. सातवीपर्यंत शिकलेली आहे ती.

त्या उंद्रीच्या शेजारी, कोंढव्यात, २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पावसात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत लगतच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा माणसे मेली, बहुतेक बिहारमधली, त्यांत लेकरेही होती. ती माणसे झोपेत होती, कामावर नव्हती. तथापि ती तेथे झोपली होती ती कामासाठीच. ‘कामाच्या ओघात’ या शब्दांची व्याप्ती कोठवर पोचते यावर न्यायालयांत जी चर्चा चालते ती मला अशा वेळी आठवते. आणि दूर तरी कशाला जावे? २० ऑगस्ट २०२१ रोजी आमच्याच जिल्ह्यात, दुसरबीडजवळ तढेगाव फाट्यानजीक, समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना सळयांच्या ओझ्यावर बसवून नेणारा टिपर उलटला आणि तेरा जण त्या सळयांखाली गेले. परप्रांतांतून आलेले मजूर ते. दुसऱ्या दिवशी चिखलीच्या आवारात सगळीकडे त्याचीच चर्चा होती, आणि मला एकसारखे वाटत होते, की कोणत्या तरी दूरच्या तहसिलीत, कोणत्या तरी झाडाखाली, माझ्यासारखाच एखादा अर्जनवीस बसलेला असेल, त्याच्यासमोर एक बाई येईल, आणि ‘तढेगाव’ हे नाव नागरीत कसे लिहावे, ते कोणत्या तालुक्यात येते, हे त्याला विचारावयास कोणी मिळणार नाही. त्याच महामार्गावर, मुंबईच्या बाजूस, शहापूर तालुक्यात, ३१ जुलै व १ ऑगस्ट २०२३ यांच्या मधल्या रात्री गर्डर चढविणारे अवजड यंत्र पुलावरून कोसळून वीस जण गेले.

एकदम पंधरा, तेरा, वीस माणसे गेली म्हणजे वर्तमानपत्रांत येते, मंत्री येतात, मदत जाहीर होते. एकेकटा मेलेला माणूस हा या व्यवसायातील खरा नियम आहे, आणि त्याची गणती कोठे होते हे पाहू गेल्यास हाती फारसे लागत नाही. नोंदणीकृत कारखान्यांपुरते पाहावे तर केंद्र सरकारच्या कारखाना सल्लासेवा महासंचालनालयाच्या आकड्यांप्रमाणे २०१७ ते २०२० या वर्षांत देशभरात दरसाल सरासरी १,१०९ कामगार मेले. म्हणजे दिवसाला तीन. पण डक्टमध्ये पडलेला आमचा मुलगा त्यांत नाही, कारण बांधकाम हा कारखाना नव्हे. गोदामातील तो हमालही नसता. गणतीत येण्यासाठीसुद्धा दर्जा लागतो, आणि ही गोष्ट आजची नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान कामावर असताना मेले. हा आकडा पक्का आहे, त्यांचे स्मरण म्हणून आजही देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, आणि तो पाळला जावा हेच योग्य आहे. त्याच दिवशी त्याच धक्क्यावर ओझी वाहणारे जे मेले त्यांची संख्या मात्र प्रत्येक पुस्तकात वेगळी सापडते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, इमारतीच्या खर्चावर शेकडा एक उपकर आहे, राज्यात कल्याणकारी मंडळ आहे, आणि नोंदीत कामगार कामावर मेला तर त्याच्या वारसास पाच लाखांचे अर्थसाहाय्य आहे. नोंदणीसाठी मागील वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. माझ्या टेबलावर या दाखल्यांचे जे अर्ज आले त्यांवरून माझे जे मत बनले ते स्पष्टच सांगतो: मंडळाकडून भांड्यांचा संच मिळतो अशी वार्ता पसरली त्या वर्षी, ज्यांनी जन्मात थापी हातात धरली नाही अशा कितीतरी जणांनी नव्वद दिवसांचे दाखले पैदा केले, आणि जो पोरगा वर्षातून आठ महिने पुण्यात परांचीवर उभा असतो त्याला तो दाखला कोणी दिला नाही, कारण गावचा अधिकारी म्हणे, तू इथे काम करीत नाहीस, आणि पुण्याचा ठेकेदार म्हणे, तू माझा माणूस नाहीस.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. १९२३ चा तो जुना, अनेकदा ठिगळे लावलेला, पण माझ्या ओळखीचा झालेला कायदा सामाजिक सुरक्षेच्या संहितेत विलीन झाला आहे. नव्या व्यवस्थेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे असे मी वाचले, आणि त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. कारण एवढा एक चिठोरा जर प्रत्येकाच्या पेटीत असता तर माझ्या फाइलमधील निम्मे दावे दाखल होताच उभे राहिले असते. अद्याप तरी आमच्या बाजूच्या कोणाही सेंट्रिंगवाल्याने असे पत्र आणून मला दाखविलेले नाही. मी वाट पाहत आहे.

टेबल मी तीन वर्षांपूर्वी एका तरुण होतकरू माणसाच्या हवाली केले आणि आता घरीच असतो. घरी एक रेघांची वही ठेवली आहे. उंद्रीतून किंवा आजूबाजूच्या वाड्यांतून जो कोणी कामासाठी शहरात निघतो त्याने जाण्यापूर्वी, किंवा पहिल्या सणाला परत आल्यावर, माझ्या ओसरीवर येऊन त्या वहीत चार रकाने भरावेत अशी मी सर्वांना विनवणी करीत असतो: नाव व वय, मुकादम, ठेकेदार, आणि इमारत किंवा कारखाना कोठला व कोणाचा. खर्चीची चिठ्ठी फेकू नये, तिचा फोटो काढून घरी पाठवावा, हेही सांगतो. पोरे हसतात, अशुभ बोलतो म्हणून एक-दोन आयांनी मला दारातून परत पाठविले, आणि त्यांना मी दोष देत नाही. बायका मात्र, म्हणजे त्या पोरांच्या बायका, हळूच येतात आणि स्वतः लिहून जातात. त्या उंद्रीत मेलेल्या मुलाची बायको पहिल्या पानापासून मला या कामात मदत करते; शहरात निघालेल्यांच्या घरी तीच जाते.

या दिवाळीअखेर वहीत एक्केचाळीस नावे आहेत. त्यांपैकी सतरा नावांपुढे शेवटचा रकाना कोरा आहे.